प्रक्षालक प्रदूषण व शिंपले

कपडे-भांडी धुण्याच्या पावडरी, वड्या व द्रव साबणांतील कृत्रिम रसायने (प्रक्षालके) सांडपाण्यावाटे ओढे, नद्या, तळी आणि खाड्यांत उतरल्याने होणारे प्रदूषण.

धाराशिव जिल्ह्यातील मुरुम (ता. उमरगा) व आसपासचा मुलूख बेसाल्ट खडकाचा. अशा भागात विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात साध्या साबणाला फेस येत नाही, नुसता चिकट साका धरतो. प्रक्षालकाला ही अडचण येत नाही. १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेल्या निरमासारख्या स्वस्त पावडरी खेड्यापाड्यांतल्या धुण्याच्या दगडापर्यंत पोचल्या, त्यात या सोयीचाही वाटा आहे.

सुरुवातीच्या प्रक्षालकांतील फाटेदार साखळीचे रेणू जिवाणूंना पचत नसत. १९५०-६० च्या दशकांत युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर साचले, तेव्हा सरळ साखळीचे ‘लास’ (लिनियर अल्किलबेन्झीन सल्फोनेट) वापरात आले. वाहत्या, हवा मिसळलेल्या पाण्यात ते लवकर विघटित होते. प्राणवायू नसलेल्या गाळात मात्र ते टिकून राहते.

शिंपल्याचा मुक्काम नेमका गाळात. आपल्या नद्यांतला लॅमेलिडेन्स हा गोड्या पाण्यातील शिंपला अर्धा चिखलात रुतून बसतो, पाणी आत ओढतो आणि कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसलांनी अन्नकण वेचतो. श्वासही त्याच कल्ल्यांनी घेतो. प्रक्षालक कल्ल्यांवरचा बुळबुळीत थर आणि पेशींचे पापुद्रे विरघळवते. केसलांची हालचाल मंदावते. शिंपला झडपा मिटून घेतो, पण मिटलेल्या शिंपल्याला खाताही येत नाही आणि पुरेसा श्वासही घेता येत नाही. त्याच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात. त्यामुळे मासे गेले की शिंपले जगूनही पुढची पिढी होत नाही.

मराठवाड्यात ऋतूचीही भर पडते. पावसाळ्यानंतर लहान नद्यांची धार तुटून डोह उरतात. पाणी आटते, सांडपाणी तेवढेच राहते. फॉस्फेटयुक्त पावडरींमुळे शेवाळ माजते व पहाटे पाण्यातला प्राणवायू अगदी कमी होतो. पृष्ठताण घटल्याने पाण्यावर चालणारे कीटकही बुडतात.

समुद्रातले ठळक उदाहरण १९६७ चे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटले आणि तवंग हटवण्यासाठी सुमारे १०,००० टन प्रक्षालके फवारली गेली. खडकांना चिकटून राहणारे लिंपेट हे कवचधारी जीव तेलापेक्षा या फवाऱ्यानेच अधिक मेले. शेवाळ खाणारे उरले नाहीत आणि खडक हिरवेगार झाले. फवारणी टळली तिथे लिंपेट बरेचसे वाचले.

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आला की बातमी होते. फेस ही तक्रारीची सोपी खूण, इतकेच. फेस नसलेला डोह निर्धोक असतोच असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ऋणभारित प्रक्षालकांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, पर्यायी स्रोत नसल्यास १ मिलिग्रॅम. तपासणी मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याने होते. मर्यादा माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठी आखलेली असल्याने डोहाच्या तळाशी साचलेल्या गाळाचा तिच्यात विचार नाही.