पहाऱ्याच्या उपग्रहांना गवसलेले आकाश

विज्ञानाच्या इतिहासात काही शोध असे आहेत, की ते लावणाऱ्यांच्या मनी भलतेच काही होते. गामा किरणांच्या स्फोटांचा शोध हा त्यांपैकीच एक होय. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ यांनी वातावरणातील, अंतराळातील व पाण्याखालील अणुचाचण्या थांबविण्याचा करार केला. करार झाला, परंतु विश्वास जन्मला नाही. कोणी चोरून चाचणी केलीच, तर तिचे किरण टिपावेत म्हणून अमेरिकेने त्याच ऑक्टोबरपासून ‘वेला’ नावाचे उपग्रह जोडीजोडीने लाखभर किलोमीटर उंचीवर धाडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक झोत नोंदविला; त्याचे रूप अण्वस्त्राच्या स्फोटाशी जुळेना. पुढे १९७३ साली क्लेबेसाडेल, स्ट्राँग व ओल्सन यांनी अशा सोळा झोतांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ते ना पृथ्वीवरून आले होते, ना सूर्यावरून.

हे कसे कळले? आम्हा मराठवाड्यातील लोकांस ती रीत समजणे अवघड नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीची भूमी हादरली आणि लातूर-उस्मानाबादकडील सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. अशा भूकंपाचे केंद्र ठरविले जाते ते निरनिराळ्या वेधशाळांत लहरी केव्हा पोहोचल्या, यावरून. गामा किरण साध्या भिंगाने एकवटत नाहीत. तेव्हा येथेही घड्याळच कामी येते. प्रकाश सेकंदास तीन लाख किलोमीटर धावतो, म्हणून दूरदूरच्या दोन उपग्रहांस तोच झोत किंचित मागेपुढे भेटतो. त्या फरकावरून आकाशात एक वर्तुळ आखता येते. तिसऱ्या उपग्रहाची वेळ मिळाली, की दुसरे वर्तुळ पहिल्यास दोन बिंदूंत छेदते.

१९९१ साली सोडलेल्या ‘कॉम्प्टन’ वेधशाळेने हे स्फोट सर्व दिशांना सारखेच विखुरलेले असल्याचे दाखविले. १९९७ मध्ये ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने स्फोटामागून रेंगाळणारे क्ष-किरण टिपले आणि हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे असल्याचे त्याच वर्षी सिद्ध झाले.

या शोधयात्रेत आपला देशही मागे नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ अवकाशात गेला. त्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराईडच्या उपकरणाच्या उभारणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची आयुका यांचा मोठा वाटा आहे. ६ ऑक्टोबरला ते सुरू झाले आणि त्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला. २०२३ च्या अखेरीपर्यंत ही संख्या सहाशेवर गेली.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर आल्या आणि सुमारे १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहास गामा किरण दिसले. ‘ॲस्ट्रोसॅट’ला काहीच दिसले नाही, कारण तो स्रोत त्याच्या दृष्टीने पृथ्वीआड होता. पण त्या न दिसण्यानेही शोधाचे क्षेत्र आकुंचित झाले. साक्षीदाराचे मौनही कधी साक्ष ठरते, ते असे.

आता पाळी आमच्या भूमीची आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. जमिनीचे कमीत कमी कंपन ही तर तिची पहिली गरज. ज्या मराठवाड्याने किल्लारी भोगली, त्याच मराठवाड्यातील ही जागा त्यासाठी निवडली गेली. अमेरिका व युरोपातील वेधशाळांपासून औंढा फार दूर आहे आणि हे दूरपणच तिचे मोल होय. येथे नोंदलेल्या वेळेमुळे दूरच्या ताऱ्यांच्या मरणाची जागा जगाला अधिक नेमकेपणाने ठरविता येईल.