दिलेली तारीख आणि घेतलेली तारीख

राष्ट्राचा स्वातंत्र्यदिन म्हटला की ती तारीख जणू पंचांगातच लिहून ठेवलेली असावी, असे आपणांस वाटते. सकाळी झेंडावंदन, शाळकरी मुलांची प्रभातफेरी, दुपारी घरी काही गोडधोड. नेमका हाच दिवस का, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो टाळता येत नाही. कारण पारतंत्र्य एका दिवसात संपत नसते. आधी कोणी प्रतिज्ञा करतो, मग घोषणा होते. पुढे लढाई होते, तह होतो, परका ध्वज उतरतो, राज्यघटना अमलात येते. या सगळ्या तारखांतून एक उचलून तिला नमस्कार करावयाचा, ही निवड राष्ट्राला स्वतःच करावी लागते. आणि ती करताना त्याला एका अवघड प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : आमचे स्वातंत्र्य कोणी आम्हांस दिले, की आम्ही ते घेतले? दोन-तीन देशांच्या उदाहरणांनी हा प्रश्न आम्ही येथे मांडणार आहोत आणि शेवटी आपल्या घराकडे वळणार आहोत.

आरंभ अमेरिकेपासून करणे सोयीचे आहे. तेथील वसाहतींच्या प्रतिनिधींनी इंग्लंडशी संबंध तोडण्याचा ठराव संमत केला तो २ जुलै १७७६ रोजी. दुसऱ्याच दिवशी जॉन ॲडम्स यांनी आपल्या पत्नीला लिहिले की पुढच्या पिढ्या २ जुलै हा दिवस मोठ्या उत्सवाने पाळतील. त्यांचे भाकीत दोन दिवसांनी चुकले. ४ जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला, छापील प्रतींवर तीच तारीख पडली आणि लोकांच्या मनात तीच राहिली. इंग्लंडने या राष्ट्राला मान्यता दिली ती मात्र ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने, म्हणजे सात वर्षांच्या युद्धानंतर. कायद्याच्या भाषेत त्या दिवसाचे मोल मोठे. पण आज त्या दिवशी अमेरिकेत कोणी आतषबाजी करीत नाही. मान्यता देणाऱ्याची तारीख मागे पडली आणि आपले म्हणणे जगासमोर मांडणाऱ्यांची तारीख पुढे आली.

आता गंमत अशी की, हीच ४ जुलै पुढे अमेरिकेने दुसऱ्या एका देशाला भेट म्हणून दिली. तो देश फिलिपीन्स. त्याची कहाणी थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. स्पेनच्या तीनशे वर्षांच्या अमलाविरुद्ध तेथे उठाव झाला आणि १२ जून १८९८ रोजी काविते प्रांतातील कावित या गावी एमिलियो आगिनाल्दो यांनी आपल्या घरी राष्ट्रध्वज फडकावून स्वातंत्र्य जाहीर केले. त्या जाहीरनाम्यातच उत्तर अमेरिकेच्या थोर राष्ट्राच्या छत्राचा मोठ्या आशेने उल्लेख होता. त्या आशेचे फळ काय मिळाले? सहा महिन्यांच्या आत, १० डिसेंबर १८९८ रोजी, स्पेनने ही बेटे दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात अमेरिकेच्या स्वाधीन केली. तहाच्या मेजावर फिलिपिनो माणसाला जागा नव्हती. १८९९ च्या फेब्रुवारीत नव्या धन्याशी युद्ध पेटले. १९०१ साली आगिनाल्दो पकडले गेले. त्या युद्धात आणि त्यापाठोपाठच्या उपासमारीत व रोगराईत दोन लाखांच्या आसपास सामान्य लोक मृत्युमुखी पडले असावेत, असा अंदाज केला जातो. युद्ध संपल्याचे अमेरिकेने जाहीर केले ती तारीखही ४ जुलैच, साल १९०२.

पुढे अमेरिकेच्या काँग्रेसने १९३४ साली कायदा करून दहा वर्षांच्या पूर्वतयारीनंतर स्वातंत्र्य देण्याचे ठरविले आणि त्याचा दिवसही कायद्यातच नेमून दिला : ४ जुलै. त्याप्रमाणे ४ जुलै १९४६ रोजी, महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मनिलात अमेरिकेचा ध्वज उतरला व फिलिपीन्सचा चढला. त्यानंतर सोळा वर्षे या देशाने आपला स्वातंत्र्यदिन आपल्या जुन्या सत्ताधीशाच्या वाढदिवशी साजरा केला. दुसऱ्याच्या मांडवात आपले लग्न लावावे, तसा तो प्रकार होता.

१९६२ च्या मे महिन्यात युद्धातील नुकसानीच्या भरपाईपोटी फिलिपीन्सला सात कोटी तीस लाख डॉलर देण्याचे विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने फेटाळले. देशात संतापाची लाट उसळली. त्याच महिन्यात अध्यक्ष दियोसदादो मकापगाल यांनी जाहीर केले की या वर्षीपासून स्वातंत्र्यदिन १२ जूनला होईल. १९६४ साली त्याचा कायदाही झाला. रागाच्या भरात घेतलेला हा निर्णय आहे, असे त्या वेळी कोणी म्हटले असेल तर ते अगदीच खोटे नव्हते. पण रागाने निमित्त पुरविले, इतकेच. १२ जूनची पात्रता चौसष्ट वर्षांपूर्वीचीच होती. १९६२ च्या त्या पहिल्या सोहळ्याला त्र्याण्णव वर्षांचे आगिनाल्दो स्वतः उपस्थित होते. ज्या स्वातंत्र्याची त्यांनी घोषणा केली ते वर्षभरही धड टिकले नव्हते. तरीसुद्धा राष्ट्राने निवडला तो हाच दिवस. कारण त्या दिवशी बोलणारा आवाज आपला होता.

इंडोनेशियाची गोष्ट याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. जपानने शरणागती पत्करल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ रोजी, सुकार्नो यांनी जाकार्ता येथे आपल्या घरासमोर अवघ्या दोन वाक्यांची घोषणा वाचली. शेजारी मोहम्मद हट्टा उभे होते. जो ध्वज चढविला तो सुकार्नोंच्या पत्नी फातमावती यांनी हाताने शिवलेला होता. डच सरकारला हे मान्य नव्हते. चार वर्षे युद्ध, वाटाघाटी आणि पुन्हा युद्ध असा क्रम चालला. जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी या प्रश्नावर दिल्लीत आशियाई राष्ट्रांची परिषद बोलाविली होती. अखेर २७ डिसेंबर १९४९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये राणी ज्युलियाना यांच्या उपस्थितीत सार्वभौमत्वाचे हस्तांतर झाले.

येथून दोन देशांचे दोन हिशेब सुरू झाले. इंडोनेशियाच्या लेखी देश १९४५ पासून स्वतंत्र, नेदरलँड्सच्या लेखी १९४९ पासून. हा नुसता पंचांगाचा वाद नव्हता. १९४९ ही तारीख धरली तर मधल्या चार वर्षांत डच फौजांनी जे केले ते स्वतःच्या मुलखातील बंडाळीचा बंदोबस्त ठरते. १९४५ धरली तर ते एका स्वतंत्र राष्ट्रावरचे आक्रमण ठरते. म्हणूनच ही कबुली यावयास इतका काळ गेला. २००५ साली डच परराष्ट्रमंत्री बेन बॉट यांनी १७ ऑगस्टच्या तारखेचा अर्धामुर्धा स्वीकार केला आणि २०२३ च्या जून महिन्यात पंतप्रधान मार्क रुटे यांनी संसदेत ती नि:संदिग्धपणे मान्य केली. घोषणा झाल्यावर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! इंडोनेशियाची जनता अर्थातच त्या कबुलीसाठी खोळंबून राहिली नव्हती.

आता आपल्याकडे पाहू. १५ ऑगस्ट ही तारीख कोणी निवडली? ब्रिटिश सरकारने प्रथम जून १९४८ ची मुदत जाहीर केली होती. ती अलीकडे ओढून १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस ठरविला लॉर्ड माउंटबॅटन यांनी. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वाढदिवस होता, हे त्यामागचे एक कारण त्यांनीच पुढे सांगितले. म्हणजे ही तारीख दिलेली. घाईही इतकी की पंजाब व बंगालच्या सीमारेषा १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाल्या. आपण कोणत्या देशात स्वतंत्र झालो, हे कित्येक गावांना स्वातंत्र्यदिनी ठाऊकही नव्हते.

आपली घेतलेली तारीख निराळी होती. १९२९ च्या डिसेंबरअखेर रावीच्या तीरावर लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचे ध्येय स्वीकारले आणि २६ जानेवारी १९३० रोजी गावोगाव स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली. त्यानंतर सतरा वर्षे लोक हाच स्वातंत्र्यदिन मानीत आले. १५ ऑगस्टने त्याची जागा घेतल्यावर त्या जुन्या तारखेचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. घटना समितीने त्याचे उत्तर मोठ्या समजुतीने दिले. घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली होती. पण ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० हा दिवस धरला. दिलेल्या तारखेला आपण नाकारले नाही आणि घेतलेलीला विसरलो नाही. त्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते सुकार्नो.

परंतु एवढ्याने आपले समाधान होता कामा नये. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्या-मुंबईत रोषणाई झाली तेव्हा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्याच दिवशी हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. मराठवाड्याचे स्वातंत्र्य उजाडले १७ सप्टेंबर १९४८ रोजी. गोव्याला तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहावी लागली. १९५५ चा १५ ऑगस्ट देशभर झेंडे लावून साजरा होत असताना गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीज गोळ्यांनी पडत होते. पोर्तुगालने भारताचे गोव्यावरील सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या ३१ डिसेंबरला. पण गोमंतकीय माणसाला तो दिवस आठवतही नाही. त्याला १९ डिसेंबर आठवतो आणि १८ जून आठवतो, कारण १९४६ साली त्या दिवशी मडगावला राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली होती.

तेव्हा घेतलेली तारीखसुद्धा सर्वांची असतेच असे नाही. हे ज्याने सर्वांत कठोरपणे सांगितले तो माणूस अमेरिकेतच होऊन गेला. फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून पळून सुटलेले थोर वक्ते. १८५२ साली रॉचेस्टर येथील स्वातंत्र्यदिनाच्या भाषणासाठी ते ४ जुलैला नव्हे, ५ जुलैला उभे राहिले आणि त्यांनी समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना विचारले की तुमच्या या उत्सवाशी गुलामाचा संबंध काय? टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम वाचला गेला तो १९ जून १८६५ रोजी. तेथील कृष्णवर्णीय लोक पिढ्यान् पिढ्या तो दिवस पाळीत राहिले. साऱ्या राष्ट्राने त्याला सुटीचा मान दिला तो २०२१ साली.

आमचे म्हणणे इतकेच की, झेंडावंदनाला उभे राहताना ती तारीख कोणी ठरविली, हे एकदा मनाशी विचारावे. आणि त्याबरोबरच, त्या तारखेला आपल्यातील कोण अजून अंधारात होते, हेही विचारावे. आपल्याच जिल्ह्याच्या, आपल्याच तालुक्याच्या इतिहासात शोधले तर उत्तर सापडेल. कोठे चौकातील एखादा हुतात्मा स्तंभ असेल, कोठे एखाद्या वृद्धाच्या तोंडची आठवण. ती नावे वाचली जावीत, ती आठवण लिहून ठेवली जावी. मकापगाल यांनी तारीख बदलली तेव्हा आगिनाल्दो ऐकावयास जिवंत होते. हे भाग्य प्रत्येक पिढीला लाभतेच असे नाही.