वळायला जागा

परवा पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथेच करू. दोन-तीन महिने राहा आमच्याकडे. काळूलाही आणा, पण त्याच्यासाठी एक क्रेट घ्या. गाडीत मोकळा बसवू नका."

क्रेट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर टोमॅटोचे क्रेट आले. आमच्या कळवणात क्रेट म्हणजे तेच! मग त्याने समजावून सांगितलं, कुत्र्याचा पिंजरा. मी जरा वेळ गप्पच झालो. तीस-बत्तीस वर्षं पोरांना 'पिंजऱ्यातल्या पोपटाचे आत्मवृत्त' लिहायला लावणारा मास्तर मी. आणि आता या वयात स्वतःच पिंजरा विकत घ्यायला निघायचं?

पण इतिहास शिकवायची खोड जाता जात नाही. पिंजरा घेण्याआधी मनात प्रश्न आला, कुत्र्याला कोंडायची रीत आपल्याकडे कधीपासूनची?

माझ्या लहानपणी गावात कुत्र्याला पिंजरा माहीतच नव्हता. फार तर एखादं पिल्लू उचलून आणलं तर पहिल्या रात्री ते कोंबड्यांच्या डाल्याखाली झाकायचं. रात्रभर ते कुईकुई करायचं, सकाळी डालं उचललं की मोकळं. मेंढपाळांचे वाडे गावावरून जायचे तेव्हा मोठी कुत्री मेंढरांच्या बाजूने चालत असायची, आणि कोकरं, कोंबड्या, पिल्लं घोड्यावर लादलेल्या सामानात बसून जायची. प्रवासाची सोय तेवढीच. खंडोबाजवळ कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार असतात, पण पिंजऱ्यात एकही नाही.

तरी शब्द मात्र जुना आहे. संस्कृत 'पंजर', त्यावरून पिंजरा. आणि त्याच घराण्यातला शब्द म्हणजे पांजरपोळ. या शब्दाची मुंबईतली गोष्ट सांगण्यासारखी आहे. कंपनी सरकारने मुंबईत भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता, आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. त्यावरून 6 जून 1832 रोजी पारशी मंडळी शिपायांवर धावून गेली. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन व्यापारीही सामील झाले आणि बाजार बंद पडला. कुत्र्यांसाठी झालेला मुंबईचा हा दंगा! पुढे दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभं राहिलं. म्हणजे बघा, नावात पिंजरा आहे, पण तो बांधला जीव वाचवण्यासाठी. कोंडणं आणि सांभाळणं यांतला फरक शब्दात नसतो, तो बांधणाऱ्याच्या हेतूत असतो, असं मला तेव्हा वाटलं. पुढे कळलं, नुसता हेतूही पुरत नाही. ते ओघात येईलच.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि हळूहळू माणसाबरोबर कुत्र्याचाही लांबचा प्रवास सुरू झाला. साहेब आला की त्याचं कुत्रं आलं. त्यातून गाडीच्या शेवटी, गार्डच्या डब्यात, कुत्र्यासाठी एक कप्पा आला. डॉग बॉक्स. लहानसा, दाराला हवेची भोकं असलेला. आमच्या तालुक्यात आजही रेल्वे नाही, गाडी धरायची तर मनमाड नाहीतर नाशिकरोड गाठावं लागतं. मनमाडला एकदा असा डॉग बॉक्स मी उघडा पाहिला होता. तो कुत्र्याच्या मापाचा नव्हता, डब्यात उरलेल्या जागेच्या मापाचा होता. गार्डला 2022 पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण कुत्र्याचा नियम साधारण तोच आहे. वातानुकूलित पहिल्या वर्गातली दोन किंवा चार बर्थची पूर्ण खोली आपल्या नावावर असेल तर कुत्रं सोबत, नाहीतर त्याची रवानगी त्या कप्प्यात.

या मापाच्या प्रश्नावर एक आठवण येते ती लायकाची. 3 नोव्हेंबर 1957 ला रशियाने स्पुतनिक-2 सोडलं, त्यात ही मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती. मी तेव्हा लहान होतो. आमच्या गुरुजींनी वर्गात ही बातमी सांगितली आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुष्कळ वर्षांनी वाचलं की सवय व्हावी म्हणून या कुत्र्यांना आधी लहान, मग आणखी लहान पिंजऱ्यांत दिवसेंदिवस ठेवत. यानातल्या कोठडीत लायकाला उभं राहता येत होतं, बसता येत होतं, झोपता येत होतं. वळता मात्र येत नव्हतं. ती काही तासांतच उष्णतेने गेली, हे जगाला कळलं 2002 मध्ये.

उभं राहणं, झोपणं आणि वळणं. या तीन गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या, कारण पुढे कायद्यातही जवळपास त्याच भेटल्या.

आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्ध इंग्रजांचा 1890 चा कायदा होता. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्याजागी नवा कायदा यावा म्हणून खासगी विधेयक मांडलं. सरकारने समिती नेमली आणि 1960 साली कायदा झाला. त्याच्या 11 व्या कलमात लिहिलं आहे की, प्राण्याला हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा. पुढे 1978 मध्ये प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम आले. कुत्र्याला उन्हाळ्यात दर 4 तासांनी आणि हिवाळ्यात दर 6 तासांनी पाणी द्या, असं त्यात बजावलं आहे.

त्याच 11 व्या कलमात पिंजऱ्याला लागूनच पुढचा मुद्दा आहे, साखळीचा. फाजील आखूड किंवा फाजील जड साखळीने प्राण्याला फार वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा. ते वाचलं आणि मी वही मिटली.

काळूच्या आधी आमच्याकडे राणी होती. गावठीच, पण फार शहाणी. आमचं घर मळ्याच्या कडेला. रात्री ती भटकू नये, कुणी विष घालू नये, म्हणून मी तिला ओट्याच्या खांबाला बांधायचो. साखळी हातभर. हेतू चांगलाच होता हो माझा! आमच्या भागात उसात बिबट्या असतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. तरी मी बांधायचो. एका पहाटे फक्त तुटलेला पट्टा सापडला. ती मोकळी असती तर वाचलीच असती असं नाही. पण तिला पळता आलं असतं, निदान वळून तोंड तरी देता आलं असतं. सौ. मला त्यावर कधी काही बोलली नाही. तिने ती साखळी मात्र भंगारवाल्याला देऊन टाकली.

असो.

तर मग पिंजरा घ्यायचा ठरवला, पण माप काळूचं घेऊन. विमान कंपन्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिने पिंजऱ्याचा एक हिशेब घालून दिला आहे, तो मला मास्तर म्हणून फार आवडला. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यायची, त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवायचं, ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट, ती रुंदी. आणि कुत्रं उभं असताना डोकं किंवा कान, जे उंच असेल तिथपर्यंत, अधिक खालच्या अंथरुणाची जाडी, ती उंची. काळू 28 इंच, कोपर 12 इंच. म्हणजे 28 आणि 6, झाले 34. बाजारात 36 इंची मिळतो, तो चालतो.

आता पैशाचं. प्लास्टिकचा बंद पिंजरा विमानाला लागतो, तो महाग. कापडी पिंजरा हलका, पण काळू तो एका रात्रीत फाडेल. तारेचा घडीचा पिंजरा त्यातल्या त्यात परवडतो, हवा चारी बाजूंनी येते, घरी वापरता येतो आणि घडी करून गाडीतही बसतो. इथल्या वेल्डिंगवाल्या पोरानेही तयारी दाखवली, माझाच विद्यार्थी. म्हणाला, "सर, खिडकीच्या ग्रिलसारखा बनवून देतो, जन्मभर जाणार नाही." पण त्याचं वजन दोघांना उचलायचं नाही आणि घडी होणार नाही. म्हणून घडीचाच घेतला. घेताना दाराची कडी हलवून बघितली, तारेची टोकं कुठे टोचतात का ते हात फिरवून बघितलं, खालचा ट्रे बाहेर काढता येतो का ते बघितलं. स्वस्त घ्यायला हरकत नाही, लहान घेऊ नये. शंभर-दोनशे रुपये वाचवायला एक माप खालचा घेतला, तर ती बचत कुत्र्याच्या पाठीतून वसूल होते.

हेही सांगून ठेवतो, असा पिंजरा अंगणात ठेवून बिबट्यापासून राखण होत नाही. तो घराच्या आत ठेवायचा, दार लावून. गाडीत तो पट्ट्याने बांधायचा आणि उन्हात गाडी बंद करून कुत्र्याला आत सोडून जायचं नाही. शिक्षा म्हणून तर कधीच कोंडू नये. नाहीतर पोरांना जसा कोपरा नकोसा होतो तसं होईल.

पहिले आठ दिवस दार उघडंच ठेवलं. आत माझं जुनं धोतर अंथरलं आणि भाकरी आतच ठेवायला लागलो. काळू मान आत घालायचा, भाकरी उचलायचा आणि बाहेर येऊन खायचा. मी बोललो नाही काही. नवव्या दिवशी दुपारी बघतो तर तो आत शिरला, जागच्या जागी तीन वेळा गोल फिरला आणि अंग टाकून झोपला.

सौ. म्हणाली, "बघा, मावला."

मी म्हटलं, "मावला नाही गं, वळला."

पुढच्या आठवड्यात पुण्याला निघतोय. सात तासांचा रस्ता आहे. पाण्याची बाटली आणि त्याची वाटी मी आत्ताच पिशवीत भरून ठेवली आहे.