देशी लाकडाची गिटार : प्रस्तावना

गिटार घडवायला निघालेल्या माणसाच्या कानावर आधी दोन लाकडांची नावे पडतात, स्प्रूस आणि रोझवूड. स्प्रूस महाराष्ट्रात उगवत नाही. रोझवूड मात्र आपला शिसवच. ब्राझीलचे रोझवूड दुर्मीळ होऊ लागल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ साली भारतीय शिसव वापरायला घेतला. तेव्हा देशी लाकूड गिटारला चालेल का, हा वाद जुना झाला. कोणते लाकूड, कोणत्या भागाला आणि कसे वाळवून, इथून अभ्यास सुरू होतो.

या अभ्यासात मैंदर्गीच्या सुताराचे आणि विद्यार्थ्याचेही स्वागत आहे. अक्कलकोट तालुक्याच्या या कोरड्या पट्ट्यात रान नाही. बांधावर बाभूळ, कडुनिंब आणि चिंच. पण वाद्यविद्या इथून दूर नाही. याच सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर परिसरात पिकलेले भोपळे मिरजेला जातात आणि त्यांचे तंबोरे होतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या तुणीचे लाकूड हाताळले आहे, आणि ते ज्ञान गिटारवाल्याने आधी शिकावे असे मला मनापासून वाटते.

गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या तक्त्याचा, म्हणजे तंबोऱ्याच्या भाषेत तबलीचा. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने १८६२ साली पाठ आणि कुशी पुठ्ठ्याच्या करून, तबली तेवढी लाकडाची ठेवून गिटार बनवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका प्रयोगात फक्त पाठ-कुशींचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटारी बावन्न वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर गडद चष्मा लावून वाजवायला दिल्या. लाकडानुसार त्यांच्या पसंतीत फारसा फरक पडला नाही. आपल्यासाठी हा मोठा दिलासा आहे. पाठीला बाभूळ घ्यायला हरकत नाही. हवाईच्या ज्या कोआ लाकडाला एवढा मान आहे, तेही बाभळीच्याच गोतातले. बाभूळ जड आणि चिवट असते, तिची कूस वाकवायला उष्णता आणि धीर दोन्ही लागतात. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवानही मिळते. त्याच्या तेलकटपणामुळे सरस धरत नाही, म्हणून जोड लावण्याच्या अगदी आधी ते ताजे रंधून घ्यावे.

खरी कसोटी तबलीची. ती हलकीही हवी आणि ताठही. तुणी आणि शिवण हे आपल्याकडचे जवळचे उमेदवार. शिवण वाळताना फारशी हलत नाही. पण तंबोऱ्याची जाडी गिटारला चालत नाही. इथे तबली तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे सत्तर किलो. हा भार आतल्या पट्ट्या पेलतात. त्यामुळे स्प्रूसच्या तबलीसाठी आखलेली मापे तुणीवर जशीच्या तशी उतरवू नयेत.

सोलापूरच्या हवेचा विचार तर टाळताच येत नाही. पावसाळ्यात चिकटवलेली तबली वैशाखात आकसते आणि रेघेवरून उभी फाटते. म्हणून हवेतली आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांच्या जवळपास असेल तेव्हाच जोडकाम करावे. पहिल्या गिटारीआधी एकाच मापाच्या तुणी, शिवण आणि बाभळीच्या पट्ट्या कापाव्यात, त्या तोलाव्यात, दोन टेकूंवर ठेवून मधोमध सारखेच वजन टांगावे आणि कोणती किती वाकते ते वहीत लिहून ठेवावे.