हाहा : न दिसणाऱ्या कुंपणाचा मागोवा

इंग्लंडात बकिंगहॅमशर परगण्यात स्टोव्ह ही जुन्या उमरावी वाड्याची बाग आहे. उन्हाळ्यात तिथे माणसं डबे घेऊन सहलीला येतात. वाड्यापुढच्या हिरवळीवर उभं राहिलं की नजर कुठेच अडत नाही. हिरवळ थेट कुरणाला मिळते आणि कुरणात मेंढ्या चरतात. मग त्या बागेत का शिरत नाहीत? पुढे चालत जावं, तर पायापुढची जमीन एकदम संपते. खाली खंदक. त्याचं नाव ‘हाहा’.

रचना साधी आहे. बागेकडून विटांची किंवा दगडांची उभी भिंत, तिचा माथा हिरवळीच्या पातळीला. कुरणाकडून गवताचा उतार, त्याच भिंतीच्या पायथ्याशी उतरणारा. मेंढरू चरत खाली येतं, भिंतीशी अडतं आणि माघारी फिरतं. वाड्याच्या खिडकीतून यातलं काही दिसत नाही.

होरेस वॉलपोल या लेखकाने या युक्तीचं श्रेय स्टोव्हचा बागरचनाकार चार्ल्स ब्रिजमन याला दिलं. पण देझालिए दार्जाँव्हील या फ्रेंच लेखकाने 1709 च्या बागकामावरच्या ग्रंथात ती आधीच नोंदवली होती. अचानक खंदक दिसला की तोंडून ‘आ! आ!’ निघतं, म्हणून हे नाव, असं तो सांगतो. 1712 मध्ये जॉन जेम्सने त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. त्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, कंब्रियातल्या लेव्हन्स हॉलमध्ये गियोम बोमाँ या फ्रेंच माळ्याने असा खंदक काढला होता.

खरं मूळ मात्र बागेत नाही, किल्ल्यात आहे. स्टोव्हचा मालक लॉर्ड कोबम लढाया मारलेला सेनानी होता. नगरच्या भुईकोटाचा खंदक पाहिलेल्याला हे नातं सांगायला नको. फरक एवढाच, की किल्ल्याचा खंदक शत्रूला धाक बसावा म्हणून असतो, आणि हाहा मालकाच्या नजरेत खुपू नये म्हणून.

जेन ऑस्टिनला त्यातली मेख कळली होती. ‘मॅन्सफील्ड पार्क’ (1814) मध्ये पाहुणी मंडळी एका उकाड्याच्या दिवशी सॉदर्टनची बाग बघायला जातात. पुढे मोकळं रान दिसतं, पण वाट हाहाने आणि कुलूपबंद लोखंडी फाटकाने अडवलेली. नियोजित वर किल्ली आणायला धावतो. तेवढ्यात वधू दुसऱ्याच पुरुषासोबत फाटकाच्या कडेने पलीकडे निसटते.

1907 मध्ये कार्ल हागेनबेकने हॅम्बुर्गजवळच्या प्राणिसंग्रहालयात हीच युक्ती वापरली : गज काढले, खंदक खणले, आणि सिंह मोकळा असल्यासारखा दिसू लागला.

स्टोव्हमध्ये केवळ जनावरंच दूर ठेवली गेली नाहीत. बाग वाढत गेली तसं तिथलं गाव उठलं. झाडांआड मध्ययुगीन चर्च तेवढं उरलं. आज वाड्यात शाळा भरते, बाग नॅशनल ट्रस्ट सांभाळतो आणि तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो. गेलात, तर हिरवळीवरूनच परतू नका. वाट असेल तिथून कुरणात उतरा आणि मागे वळून पाहा. वरून कुंपण दिसतच नव्हतं. खालून भिंतीशिवाय दुसरं काही नजरेत भरत नाही.