तीन मिनिटांची मैफल

माझा भाचा गायक आहे. मिरज-सांगलीच्या आसपास लग्नांत, उरुसांत, गणपतीत गातो. गळा चांगला, तालीमही झालेली. गेल्या वर्षी घरी येऊन म्हणाला, "मामू, दोन ओळी लिहून द्या. तीस सेकंदांत बसल्या पाहिजेत. लोक त्यापुढं थांबत नाहीत." मी दिल्या. त्यानं वर ढोलकीचा ठेका चढवला आणि मोबाईलवर टाकल्या. गाणं चाललं. पाठोपाठ तीन सुपाऱ्या आल्या.

पहिल्याच लग्नात त्या गाण्याची फर्माईश झाली. तो गायला. पुन्हा मागणी, पुन्हा गायला. चौथ्यांदा कुणीतरी ओरडलं, "अहो, पुढचं म्हणा की!" पुढचं नव्हतंच. अंतरा त्यानं मागितला नव्हता आणि मीही लिहिला नव्हता. त्या रात्री घरी येऊन तो ओसरीवर बराच वेळ गप्प बसला. मलाही शरमल्यासारखं झालं. निम्मा गुन्हा माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. तिथंच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. मनात आलं, हा तिढा काही आजचा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या गवयांपुढं तोच उभा होता. तेव्हा त्याचं नाव होतं ग्रामोफोन.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपायची. ज्या रागाला तास पुरत नाही, तो तीन मिनिटांत कसा मांडायचा? शिवाय तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून चढ्या आवाजात गावं लागे. गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारीत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि गाणं कुणाचं, हे तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं. बाजाराची ही अटही त्यांनी पाळली.

सगळ्यांनीच ती पाळली असं नाही. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, ग्रामोफोनचा सारा बहर त्यांनी पाहिला. पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी निघाली नाही. त्यांची गायकी आपल्यापर्यंत आली ती शिष्यांच्या गळ्यातून. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र कायमचा गेला. निष्ठेचं मोलही द्यावं लागतं, हे विसरून चालत नाही.

अब्दुल करीम खाँसाहेबांनी दुसरी वाट धरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्यांनी तबकड्या दिल्या, पुन्हा १९३० च्या दशकात दिल्या. तोवर मायक्रोफोन आला होता, हळुवार सूरही टिपला जात होता. लोकांना नाट्यसंगीताचं वेड होतं, तर ‘मानापमान’मधलं पदही त्यांनी तबकडीवर गायलं. यालाही आजच्या भाषेत चलतीमागं धावणं म्हणता येईल. पण त्या तबकड्या ऐका. वेळ थोडा आहे म्हणून सूर कुठं घाईनं लावलेला नाही. विस्तार आखडला, पण स्वरावर जिथं थांबायचं तिथं ते थांबलेच. आणि ज्याला पुढचं ऐकायचं असेल, त्याच्यासाठी त्यांच्यापाशी पुरी रात्रभराची मैफल होती. गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचं वेड लागलं, त्यात खाँसाहेबांच्या तबकडीचा वाटा मोठा. पुढं १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. तबकडीनं त्यांना हाक दिली. गाणं मात्र वर्षानुवर्षं गुरूपुढं बसूनच शिकावं लागलं.

अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. साडेतीन मिनिटांमागं जन्मभराचा रियाज असला, की ती मिनिटं कुठवर जातील सांगता येत नाही.

घरी येऊन मी हे सारं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामू, खाँसाहेबांना दरबार होते. मला घरभाडं आहे." खोटं नव्हतं ते. दरबार आणि संस्थानिक नसलेल्या गायकाला लोकांच्याच दारात उभं राहावं लागतं, आणि आज लोकांचं दार मोबाईलमध्ये आहे. मी त्याला मोबाईल सोड असं म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, "आधी गाणं पुरं कर. मग त्यातले तीस सेकंद तोडून दे. तीस सेकंदच बांधून त्याला गाणं म्हणू नकोस."

तो काही बोलला नाही. सकाळी मात्र पलीकडच्या खोलीतून तानपुरा लावल्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी खर्जाचा रियाज चालला होता. परवा त्यानं फोन केला. त्याच गाण्याचा अंतरा मागत होता. दोन ओळींना पुढच्या चार ओळी जोडायच्या आहेत. आठ दिवस झाले, कागद पुढं घेऊन बसलोय. घाईत लिहिलेल्या त्या दोन ओळी आता मला पुढं सरकू देत नाहीत. बहुधा त्याच आधी बदलाव्या लागतील.