एलायझा : यंत्रसंभाषणाचा आरंभ

जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत रचलेल्या ‘एलायझा’ या संगणक-प्रणालीचे विवेचन १९६६ साली प्रसिद्ध झाले. शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ (म्हणजेच ‘ती फुलराणी’चे मूळ) नाटकात शुद्ध बोलणे शिकणाऱ्या फुलवालीचे हे नाव होय. प्रणालीस अर्थज्ञान मुळीच नव्हते. वाक्यातील सूचक शब्द हेरावा, ‘माझे’चे ‘तुमचे’ करावे व विधान प्रश्नरूपाने परतवावे, एवढीच तिची रीत. रचनाकाराचे खरे कौशल्य तिला मानसोपचारकाची भूमिका देण्यात होते. कारण त्या भूमिकेत जगाविषयीचे अज्ञान खटकत नाही. तरीही माणसे तिच्यापुढे मन मोकळे करू लागली. त्यामुळे अस्वस्थ झालेल्या वायझेनबाउम यांनी १९७६ साली ग्रंथ लिहून संगणकाच्या वापरास मर्यादा असाव्यात, असे प्रतिपादिले. संभाषणातील पुष्कळसा अर्थ ऐकणाराच पुरवितो. म्हणूनच यंत्राचे बोलणे रचणाऱ्यावर त्या विश्वासाचे उत्तरदायित्व येते.